हरवलेली पोच

२०२५ सालच्या श्रावणात आमच्या आळीत एक लहानशी घटना घडली. वर्तमानपत्रात छापून यावी अशी ती नव्हती. पण ज्या घरात ती घडली, त्या घरातील माणसांची त्या दिवशी झोप उडाली होती.

आमच्या शेजारी शिवणकामावर संसार चालविणाऱ्या एक बाई राहतात. त्यांचे शिलाईयंत्र पायाने चालवावयाचे. वर्षानुवर्षे पाय मारून त्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा पैशाला पैसा जोडून त्यांनी यंत्राला बसवावयाची लहानशी विजेची मोटर घेण्याचे ठरविले. गावातील दुकानात ती मिळेना. म्हणून सातवीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने मोबाइलवरून दूरच्या एका दुकानाकडे ती मागविली. किंमत १,२९० रुपये होती. मुलीने आईच्या डेबिट कार्डाचा क्रमांक भरला, बँकेकडून आलेला ओटीपी, म्हणजे एकदाच वापरावयाचा परवलीचा अंक, आईला विचारून लिहिला आणि कळ दाबली. पडद्यावर एक चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि मोबाइलला धड रेंज नव्हती. दोन-तीन मिनिटे वाट पाहून मुलगी मागच्या पानावर आली, तिने सारी माहिती पुन्हा भरली, नवा ओटीपी लिहिला आणि पुन्हा कळ दाबली. या खेपेस 'आपली मागणी नोंदविली आहे' अशी अक्षरे उमटली. मायलेकी आनंदल्या. परंतु पाच मिनिटांच्या आत बँकेचे दोन संदेश ओळीने येऊन पडले. दोहोंतही आकडा एकच होता : १,२९० रुपये खात्यातून वजा.

खात्यात ३,१०० रुपये होते, ते ५२० उरले. विजेचे ७४० रुपयांचे बिल आठवड्याभरात भरावयाचे होते. मोटर घेतली आणि वीजच तुटली, तर त्या मोटरीचा उपयोग काय? आई रागावली, मुलगी रडू लागली, आणि थोड्या वेळाने दोघीही भिजत माझ्या ओसरीवर आल्या.

"गुरुजी, माझ्या हातून दोनदा कळ दाबली गेली. पैसे बुडाले का?" मुलीने विचारले.

पैसे बुडाले नव्हते. कोणी चोरलेही नव्हते. वाटेत एक पोच हरवली होती, एवढेच. ती कशी हरवली हे समजून घ्यावयाचे, तर आधी तिचा मार्ग पाहिला पाहिजे.

वाण्याच्या दुकानात आपण नाणे ठेवतो, वाणी ते उचलतो आणि पुडी हातात देतो. देणे आणि पोचणे या दोन्ही गोष्टी एकाच जागी, दोघांच्या डोळ्यांदेखत घडतात. मोबाइलवरून खरेदी करताना तसे होत नाही. खरेदी करणारा एका गावी, दुकान दुसऱ्या गावी, खरेदीदाराची बँक तिसरीकडे आणि दुकानाची बँक चौथीकडे. या सर्वांना जोडणारे एक जाळे असते. रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड ही नावे तुम्ही कार्डांवर वाचली असतील. ती अशा जाळ्यांचीच नावे होत. त्यांपैकी रुपे हे जाळे भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम या आपल्याच देशातील संस्थेने २०१२ साली सुरू केले. दुकानाच्या वतीने रक्कम स्वीकारणारी आणखी एक मध्यस्थ संस्था बहुधा असते. आपण कळ दाबली, की 'या कार्डातून इतके रुपये मिळतील काय?' असा प्रश्न दुकानाकडून निघतो. मध्यस्थ, दुकानाची बँक आणि जाळे अशा पायऱ्या चढत तो खरेदीदाराच्या बँकेपर्यंत पोहोचतो. बँक खाते पाहते, रक्कम वजा करते आणि 'होय' असे उत्तर धाडते. उत्तर त्याच पायऱ्या उतरत परत येते. हा सारा प्रवास काही क्षणांचा असतो. प्रत्यक्ष पैसा मात्र मागाहून, बँका आपापसांत हिशेब मिटवितात तेव्हा, एका खात्यातून दुसऱ्यात जातो.

आता अशी कल्पना करा, की प्रश्न बँकेपर्यंत नीट पोहोचला, बँकेने रक्कम वजा केली, 'होय' म्हटले. आणि हे 'होय' परतीच्या वाटेवर कोठे तरी अडकले. ओटीपी लिहिल्यानंतर बँकेचे उत्तर पुष्कळदा खरेदीदाराच्या मोबाइलवरूनच दुकानाच्या पानाकडे वळते. त्याच क्षणी रेंज गेली, तर काय होईल? बँकेच्या वहीत पैसे दिले असे लिहिलेले असते आणि दुकानाच्या वहीत काहीच नसते. दोन्ही वह्या आपापल्या परीने खऱ्या असतात. मधल्या मध्ये चक्र फिरत राहते.

ही अडचण आजची नाही, आणि ती केवळ यंत्रांचीही नाही. मनीऑर्डर पाठविणारा माणूस पोच येईपर्यंत निश्चिंत नसे, हे तुमच्या आजोबांना विचाराल तर ते सांगतील. पोच आली नाही, तर त्याचे दोन अर्थ होत : पैसे पोहोचलेच नाहीत, किंवा पैसे पोहोचले पण पोच गहाळ झाली. घरी बसून या दोहोंतील खरे कोणते हे ओळखता येत नाही.

संगणकाच्या अभ्यासकांनी हा पेच एका सुंदर कथेत बांधला आहे. मी ती आपल्या मुलखात आणून सांगतो. राजगडावर एक तुकडी आहे, समोर तोरण्यावर दुसरी आहे आणि खाली खोऱ्यात शत्रूचा तळ पडला आहे. दोन्ही तुकड्या एकदम उतरल्या तरच जय. एकटी उतरली तर तिचा नाश. राजगडचा सरदार जासुदाबरोबर चिठ्ठी धाडतो : 'उद्या पहाटे उतरू.' पण जासूद वाटेत पकडला गेला नाही कशावरून? म्हणून तोरण्याच्या सरदाराने 'चिठ्ठी पोहोचली' असे उलट कळविले पाहिजे. बरे, तो दुसरा जासूद तरी सुखरूप पोहोचला हे तोरण्यावर कसे कळावे? त्यासाठी पोचेची पोच हवी, आणि मग तिचीही पोच! कितीही जासूद धाडले तरी शेवटच्या चिठ्ठीचा संशय उरतोच. हा पेच १९७५ साली तीन संगणकशास्त्रज्ञांनी एका लेखात मांडला, आणि जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींचा पेच असे नाव दिले. वाट बेभरवशाची असेल, तर केवळ निरोपांची संख्या वाढवून दोघांचीही पूर्ण खात्री करता येत नाही, हे त्यातून सिद्ध होते.

मग व्यापार चालतो तरी कसा? त्यासाठी शास्त्रज्ञांनी निराळीच युक्ती योजिली. पोच हरवणार नाही असे करता येत नसेल, तर निदान एकच गोष्ट दोनदा विचारली तरी नुकसान होणार नाही असे करावे.

शाळेतील दोन कामे आठवा. मी हजेरी घेताना एखाद्या मुलाचे नाव चुकून दोनदा पुकारले आणि तो दोनदा 'हजर' म्हणाला, तरी पटावर त्याची हजेरी एकच लागते. याउलट ध्वजनिधीच्या पेटीत त्याने दोनदा रुपया टाकला, तर पेटीत दोन रुपये जमतात. हजेरीच्या जातीच्या कामाला इंग्रजीत आयडेम्पोटंट म्हणतात. 'तेच' आणि 'सामर्थ्य' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून हा शब्द बेंजामिन पर्स नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १८७० साली बनविला. त्याच्या ध्यानी मनीही नसेल, की पुढे एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या १,२९० रुपयांचा प्रश्न या शब्दापाशी येऊन ठेपेल.

पैसे घेणे हे काम स्वभावतः पेटीच्या जातीचे आहे. त्याला हजेरीच्या जातीचे करावयाचे, तर प्रत्येक मागणीला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. दुकानाने तोच क्रमांक लावून दुसऱ्यांदा पैसे मागितले, की पलीकडचे यंत्र आपली वही पाहते आणि म्हणते, 'या क्रमांकाचे पैसे मघाशीच दिले; हे घ्या तेच उत्तर पुन्हा.' दुसऱ्यांदा रक्कम वजा होत नाही. चांगली दुकाने असे करतात.

मग आमच्या मुलीच्या बाबतीत ही युक्ती का साधली नाही? कारण ती मागच्या पानावर आली आणि तिने सारे नव्याने भरले. दुकानाच्या यंत्राने ती नवी खरेदी समजून तिला नवा क्रमांक दिला. बँकेपुढे दोन निरनिराळे क्रमांक आले, दोन निरनिराळे ओटीपी आले. कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारात अशी दुसरी ओळख पटवून घेतलीच पाहिजे, असा दंडक रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून घातला. आपल्या संमतीवाचून कोणी आपले पैसे नेऊ नये, यासाठी तो आहे. पण येथे संमती दोनदा दिली गेली होती! एकाच माणसाने एका दिवशी एकाच किमतीच्या दोन मोटरी घेऊ नयेत, असा काही कायदा नाही. बँकेने काय म्हणून शंका घ्यावी?

हे सांगितल्यावर मुलीचा चेहरा आणखीच उतरला. म्हणून हेही सांगतो, की मी तिला फारसा दोष देत नाही. चक्र फिरत असताना 'थांबा, पैसे कदाचित वजा झाले असतील; आधी बँकेचा संदेश पाहा' एवढे एक वाक्य पडद्यावर दाखविणे दुकानाला अवघड नव्हते. ज्याला काहीच सांगितले जात नाही, तो दुसऱ्यांदा दार ठोठावणारच.

त्या संध्याकाळी आम्ही प्रथम दोन्ही संदेश एका वहीत उतरून घेतले : तारीख १२ ऑगस्ट, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा निराळा संदर्भ क्रमांक. मग दुकानाच्या पानावर आपल्या मागण्यांची यादी उघडली. ही पायरी पुष्कळ लोक विसरतात. रक्कम दोनदा वजा झाली म्हणजे पैसे चुकूनच गेले असे नव्हे. यादीत दोन मागण्या दिसल्या, तर मोटरीही दोन येणार असतात. तेव्हा तंटा न करता एक मागणी रद्द केली की काम भागते. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत कधी कधी रक्कम नुसती राखून ठेवलेली असते, दुकानदाराने गिऱ्हाइकासाठी लुगडे बाजूला काढून ठेवावे तशी. दुकानाने ती उचलली नाही, तर काही दिवसांनी ती आपोआप मोकळी होते. आमच्या यादीत मागणी एकच होती आणि डेबिट कार्डाच्या खात्यातून पैसे खरोखरीच गेले होते.

बाईंनी तोवर मोबाइलवर दुकानाचा दूरध्वनी क्रमांक शोधावयास घेतला होता. मी त्यांचा हात धरला. ठकांनी असे खोटे क्रमांक जागोजागी पेरून ठेवलेले असतात. आपण घाबरून दूरध्वनी करतो, पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि 'पैसे परत पाठवितो, तेवढा ओटीपी सांगा' म्हणतो. मुलांनो, हे पक्के ध्यानात ठेवा, की पैसे परत घेण्यासाठी ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो. तोच खरा मानावा. दुकानाशी बोलावयाचे, तर ज्या पानावरून खरेदी केली तेथूनच. आणि कोणी फसविलेच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे.

दुकानाकडे पाठवावयाचे पत्र मुलीने स्वतः लिहिले. मी केवळ दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

'महोदय, दि. १२ ऑगस्ट २०२५ रोजी शिलाईयंत्राच्या एका मोटरीसाठी आमच्या खात्यातून रु. १,२९० दोन वेळा वजा झाले. दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक व वेळा खाली दिल्या आहेत. आमची मागणी एकच आहे. तिचा क्रमांकही देत आहे. तरी एका व्यवहाराची रक्कम ज्या कार्डावरून आली, त्याच कार्डाकडे परत करावी. कार्डाचे शेवटचे चार अंक सोबत दिले आहेत. आपली नम्र.'

पत्रात राग नाही, रडगाणे नाही आणि कार्डाचा पूर्ण क्रमांकही नाही. पत्र घेणाऱ्याला शोध घेण्यासाठी जेवढे लागते तेवढे त्यात आहे.

त्यानंतर वाट पाहणे आले. बँका, मध्यस्थ आणि दुकाने आपापल्या वह्यांचा मेळ घालतात. एकीकडे 'वजा' आणि दुसरीकडे काहीच नाही, अशी नोंद सापडली, की ती रक्कम खातेदाराला परत करावयाची असते. यात चालढकल होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले. खात्यातून पैसे गेले, पण दुकानाला त्याची खबर मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत जमा झाली पाहिजे, आणि उशीर झाल्यास दर दिवसामागे १०० रुपये भरपाई, खातेदाराने न मागताही, दिली पाहिजे, असे त्यात ठरविले आहे.

पाचवा दिवस १७ ऑगस्टचा. तो गेला, पैसे आले नाहीत. दुकानाकडून 'आपले पत्र मिळाले' एवढेच उत्तर आले होते. बाईंनी दोन झंपरांची शिलाई आगाऊ घेऊन विजेचे बिल भरले. १८ तारखेस आम्ही बँकेच्या शाखेत जाऊन लेखी तक्रार दिली आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतला. तेथील कारकुनाने पाहून सांगितले, की पहिल्या व्यवहाराची खबर दुकानाला उशिराने का होईना, पण मिळाली होती. पैसे वाटेत अडकलेले नव्हते. ते दुकानाच्या पदरात पडले होते. त्यामुळे पाच दिवसांचा नियम येथे लागू पडत नव्हता. आता बँकेने दुकानाच्या बँकेमार्फत ती रक्कम परत मागावयाची होती. या मार्गाला अधिक दिवस लागतात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते; दुकान ऐकत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक आहे. आमच्यावर तशी वेळ आली नाही.

२५ ऑगस्टला बँकेने चौकशी चालू असेपर्यंत १,२९० रुपये तात्पुरते जमा केले. मोटर त्याआधीच आली होती आणि गणपतीच्या तोंडावर शिलाईचे काम रात्री उशिरापर्यंत चालले होते. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ तारखेस, मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. दुकानानेही १,२९० रुपये परत पाठविले होते. एक रक्कम बँकेची, एक दुकानाची.

"गुरुजी, आता आपल्याकडे दोनदा आले," ती म्हणाली. "आई म्हणते, गुडघ्याच्या औषधाला होतील, देवानेच दिले असतील. खरे का?"

मी काहीच बोललो नाही. ती थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याच टेबलावर बसून बँकेला पत्र लिहिले. या खेपेस ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. तक्रारीचा क्रमांक, दोन्ही जमा रकमांच्या तारखा, आणि शेवटी : 'दुकानाकडून रक्कम मिळाली असल्याने आपण तात्पुरती जमा केलेली रक्कम परत घ्यावी व आमची तक्रार मिटली असे समजावे.'

आई सहीसाठी आली, तेव्हा तिने पत्र दोनदा वाचले. पोरीकडे पाहिले आणि सही केली. चार दिवसांनी बँकेचा संदेश आला : १,२९० रुपये खात्यातून वजा. मुलीने तो वहीत उतरून घेतला आणि खाली एक रेघ ओढली.